जहाजाचं किट म्हणजे पिवळा पितांबर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी विचारलंय. त्यांनी शिडाच्या लाकडी जहाजाचं किट मागवलं, दोन वर्षं खपून 'कटी सार्क' हे जुनं ब्रिटिश जहाज उभं केलं, आणि आता ते शाहू स्मारकातल्या प्रदर्शनात ठेवायचं आहे. पाटीवर मराठीत काय लिहू? 'जहाज जुळणी संच' चालेल का? 'प्रतिकृती' म्हणू की 'नमुना'?

'संच' चालणार नाही. हा शब्द हल्ली लोक कशालाही चिकटवतात, ऐकून कान किटले. कपबश्यांचा संच आणला की त्याच संध्याकाळी त्यात चहा ओतता येतो. काकांच्या खोक्यातून काय निघालं? प्लायचा कणा, फासळ्या, लाइमवुडच्या आणि अक्रोडाच्या पट्ट्यांच्या जुड्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या डोक्याचे पितळी खिळे, दोऱ्याची रिळं, तीन-तीन भोकांच्या मूठभर चकत्या आणि नकाशे. यात जहाज कुठाय? मी त्यांच्या गॅलरीत बसून बघितलंय. अक्रोडाची पट्टी कोमट पाण्यात भिजवायची, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर हळूहळू वाकवायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी रात्रभर आवळून ठेवायची. सकाळी चिमटे काढले की एक पट्टी बसलेली असते. एक! कानस आणि बारीक चिमटे गुजरीतून आणलेले, सोनाराचे. याला संच म्हणवत नाही.

आता गंमत बघा. अरबीत 'जहाज' म्हणजे मुळात नाव नव्हेच. नावेला तिकडे सफीना म्हणतात, मर्कब म्हणतात. जहाज म्हणजे सामानसुमान, सरसामग्री. प्रवासाला निघालेल्याचं सामान ते, नवरीबरोबर पाठवतात तेही, आणि आजच्या अरबीत तर कुठलंही उपकरण. फारसीत हा शब्द समुद्रावर उतरला, सामानानं सज्ज केलेलं तारू असा अर्थ घेऊन, आणि आपण तेवढाच उचलला. नवरीचं सामान उर्दूत 'जहेज' म्हणून राहिलं आणि हिंदीत त्याचं 'दहेज' झालं. म्हणजे जहाज आणि दहेज सख्खी भावंडं. 'दहेज' संस्कृत 'दाय'वरून आलं असं ठासून सांगणारे विद्वान मला दरवर्षी एक तरी भेटतात. त्यांना माझं एकच विचारणं असतं, मग मधला 'ह' आणि शेवटचा 'ज' काय वरातीत सापडले? शब्दात दोन 'ज' आले की एक घसरतो, जहेजचं दहेज होतं, इतकं सरळ आहे ते. पण सरळ सांगितलं की व्युत्पत्ती वाटत नाही ना लोकांना.

तिकडे इंग्रजीत याच्या बरोबर उलटं. 'इक्विप' म्हणजे सज्ज करणं. हा शब्द फ्रेंचातून आला, फ्रेंचात जुन्या नॉर्सच्या (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेच्या) 'स्किपा'वरून, म्हणजे जहाज सज्ज करणं, आणि त्याच्या मुळाशी 'स्किप', म्हणजे जहाज. इंग्रजी कोश इथं 'बहुधा' असा शब्द घालून अंग चोरतात. मी चोरत नाही. अरबांकडे सामानाचं जहाज झालं, नॉर्स लोकांकडे जहाजाचं सामान.

आणि खुद्द 'किट'? मध्ययुगीन डचमध्ये 'किट' म्हणजे लाकडी भांडं, फळ्या जोडून वर कडी आवळलेलं. शिपायाच्या सामानाला किट म्हणणं फार नंतरचं. म्हणजे काका गॅलरीत अक्रोडाच्या पट्ट्या जोडत बसतात तेच मूळचं किट! आणि आजच्या अर्थानं किट म्हणजेही सामानच, तेव्हा 'जहाजाचं किट' हा पिवळा पितांबर झाला, सामानाचं सामान.

कोल्हापूरला समुद्र नाही, रंकाळा आहे. पण मराठीत आरमारावर लिहिलेलं सगळ्यात नेमकं गद्य इथल्याच गादीच्या अमात्यांचं, रामचंद्रपंतांचं 'आज्ञापत्र', 1715 च्या सुमाराचं. त्यात गुराबा, म्हणजे लढाऊ गलबतं, मध्यम रीतीनं 'सजाव्या' असं आहे, 'बांधाव्या' नाही. सजवायची ती नवरी आणि सजवायची ती गुराब. अरबी येत नसतानाही भाषेला हे कसं उमगतं, बघा. (तिथंच, आंब्याफणसाची लाकडंही आरमाराच्या कामाची असली तरी रयतेच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत असंही बजावलंय. पण तो वेगळा विषय.) माझ्या आत्याच्या रुखवतात काड्यापेटीच्या काड्यांचं गलबत होतं, दोऱ्याची शिडं लावलेलं. जहेजमध्येच जहाज! तेव्हा कुणाला कळलं नाही, मलाही नाही.

हां, पाटी. 'सरंजाम' लिहा. पूजेचा सरंजाम, चहाचा सरंजाम, तसा जहाजाचा सरंजाम. अजून काहीतरी करायचं आहे आणि त्यासाठी मांडून ठेवलेलं सगळं, हा अर्थ त्यात आपसूक येतो. 'सरंजामशाहीचा वास येतो' म्हणणारे येतील. त्यांना एकदा लग्नघरात न्या. 'फारसी आहे' म्हणणारे आले तर 'जहाज'ही खोडायला सांगा, मग पाटीवर 'कटी सार्क' एवढंच उरेल.

नमुना आधी करतात आणि त्यावरून खरी वस्तू बनते. प्रतिकृती वस्तूवरून, नंतर. 'कटी सार्क' 1869 साली पाण्यात उतरलं, आज ग्रीनिचला कोरड्यावर उभं आहे. तुम्ही केलंत ते आत्ता. म्हणजे प्रतिकृतीच. फक्त तिच्यामागं 'हुबेहूब' लावू नका, काका. डाव्या बाजूची तिसरी पट्टी किंचित वर गेलीय.