मंगळाच्या मॉडेलमध्ये नायट्रिक ऑक्साइड गायब होतोय? आधी नायट्रोजनचे अणू वेगळे करा

मंगळाच्या वातावरणाच्या तुमच्या एकमितीय (फक्त उंचीनुसार बदल धरणाऱ्या) मॉडेलमध्ये १२०-१३० किमी उंचीवर नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ शून्य येतोय. वायकिंग यानांना १९७६ मध्ये तो स्पष्ट सापडला होता, म्हणून विसरणाचा गुणांक (वायू वर-खाली किती वेगाने पसरतात, तो आकडा) चुकलाय का, असं तुम्ही विचारताय. त्याला इतक्यात हात लावू नका. मॉडेलमधल्या घटकांच्या तुमच्या यादीत नायट्रोजनचा अणू एकाच प्रकारचा आहे आणि दुखणं तिथेच आहे.

अतिनील प्रकाशाने किंवा वेगवान इलेक्ट्रॉनने नायट्रोजनचा रेणू फुटला की अणू दोन तऱ्हेचे निघतात: मूळ अवस्थेतले (४एस) आणि २.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट जास्त ऊर्जेचे (२डी). २डी कार्बन डायऑक्साइडवर आदळून नायट्रिक ऑक्साइड बनवतो. ४एसला ते जवळपास जमतच नाही, उलट तो तयार नायट्रिक ऑक्साइड गाठून त्याचा पुन्हा नायट्रोजन रेणू करून टाकतो. म्हणजे एक कमावणारा, दुसरा उडवणारा, आणि तुम्ही दोघांचं खातं एकत्र लिहिलंय!

आता हिशेब बघा. १०० अणूंपैकी ६० अणू २डी निघाले आणि सगळे कामी आले, तर उरलेले ४० अणू ४एस असतात आणि तेवढाच नायट्रिक ऑक्साइड खातात, २० शिल्लक. निम्मे-निम्मे निघाले तर हातात काहीच नाही. खरं प्रमाण निम्म्याच्याच आसपास असतं, म्हणून ०.५ आणि ०.६ मधला फरक इथे क्षुल्लक नाही. त्यात ऑक्सिजनचे अणू काही २डी वाटेतच शांत करून ४एस बनवतात. हे शांत होणं किती वेगाने घडतं, याच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांत दुपटीहून जास्त तफावत आहे. मी तरी दोन्ही टोकं चालवून बघितल्याशिवाय आलेख कुणाला दाखवत नाही. नायट्रिक ऑक्साइडचा आयन इलेक्ट्रॉनशी जुळून फुटतो, तेव्हाही बहुतेक २डीच निघतो, ती अभिक्रिया विसरू नका.

२डीला विसरण लावायची गरज नाही. घनसेंटीमीटरला दहा हजार कोटी कार्बन डायऑक्साइड रेणू असतील, तर तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो, तिथे स्थिर अवस्था (जितका तयार होतो तितकाच संपतो) धरली तरी चालते. ४एस मात्र टिकाऊ, तो वाहू द्या.

मॉडेलमध्ये प्रकाशाच्या तरंगलांबीचे टप्पे १ नॅनोमीटरचे असतील तर ८० ते १०० नॅनोमीटरमधले नायट्रोजनचे बारीक शोषण-पट्टे सपाट होतात आणि रेषांच्या फटींतून खाली उतरणारा प्रकाश हिशेबातून सुटतो.

शिवाय दिवसाच्या बाजूचे ४एस अणू वाऱ्याबरोबर रात्रीकडे जातात आणि तिथे ऑक्सिजनशी जुळून अतिनील प्रकाश सोडतात. मार्स एक्सप्रेस या यानाने तो टिपलाय. एकमितीय मॉडेलला हा निचरा नसतो, त्यामुळे दिवसाकडे ४एस थोडा जास्तच साचेल.