आधीच भरलेल्या खुर्चीची मुलाखत : अमेरिकेला निघालेल्या भाच्यास

तुझा मेसेज दोनदा वाचला. एमएससाठी इकडे पिट्सबर्गला यायचं तुझं जवळजवळ ठरलंय आणि नेमक्या त्याच वेळी ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉल कोचनं केलेल्या वंशभेदाच्या खटल्यावरून रूमवर मित्रांशी वाद झाला, असं तू लिहिलंस. एकजण म्हणाला, टीम मालकाची आहे, त्यानं हवा तो कोच नेमावा. दुसरा म्हणाला, तिथंही आपल्यासारखं आरक्षण आहे, मग तक्रार कसली? शेवटी तू विचारलंस, "मामा, एवढ्या मोठ्या कोचला असं वागवत असतील, तर माझं काय होणार?" तुझ्यासारखी आणखी चार मुलं हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रकरण नीट समजून घे. हा फुटबॉल आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल, एनएफएल नावाची लीग, ३२ टीम. फ्लोरेसचे आईवडील होंडुरासहून आलेले, तो वाढला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिलमध्ये. २००४ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये अगदी खालच्या कामापासून त्यानं सुरुवात केली आणि २०१९ मध्ये मायामी डॉल्फिन्सचा हेड कोच झाला. पहिल्या वर्षी ५ सामने जिंकले, ११ हरले. पुढची दोन्ही वर्षं जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त होते, तरी १० जानेवारी २०२२ ला त्याला काढलं.

त्यानंतर न्यूयॉर्क जायंट्सनं मुलाखतीला बोलावलं, २७ जानेवारीची तारीख दिली. २४ तारखेला त्याचा जुना गुरू बिल बेलिचिक याचे मेसेज आले : अभिनंदन, जायंट्सला तूच हवा आहेस असं ऐकतोय. फ्लोरेसला शंका आली. त्यानं विचारलं, तुम्ही ब्रायन फ्लोरेसशी बोलताय की ब्रायन डेबॉलशी? बेलिचिकनं माफी मागितली. मेसेज चुकीचा वाचला म्हणाला, ते डेबॉलला घेणार असं दिसतंय. डेबॉल हा दुसरा उमेदवार, गोरा. म्हणजे मुलाखतीला तीन दिवस असतानाच फ्लोरेसला कळलं की जागा भरलेली आहे. तरीही त्याच्या फिर्यादीनुसार तो आदल्या रात्री जायंट्सच्या जनरल मॅनेजरबरोबर जेवला आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत दिली. २८ तारखेला डेबॉलचं नाव जाहीर झालं. १ फेब्रुवारीला फ्लोरेसनं मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात लीग, जायंट्स, डॉल्फिन्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोज यांच्यावर दावा ठोकला. त्या दिवशी ३२ टीममध्ये कृष्णवर्णीय हेड कोच एकच होता, आमच्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक टॉमलिन. खेळाडूंमध्ये मात्र, फिर्यादीनुसार, कृष्णवर्णीय सुमारे ७० टक्के.

आता तुझ्या दुसऱ्या मित्राच्या आरक्षणाबद्दल. तो ज्याला आरक्षण म्हणतोय त्याचं नाव रूनी रूल, आणि तो नियम याच गावचा आहे. २००२ च्या सुरुवातीला टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन कृष्णवर्णीय कोचना नोकरी गमवावी लागली. दोघांचीही कामगिरी चांगली होती. जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी आकडेवारीचा अहवाल काढला आणि लीगला कोर्टात खेचू असं सांगितलं. तेव्हा स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या समितीनं नियम आणला, २००३ पासून लागू झाला : हेड कोचची जागा रिकामी झाली की किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायची. पुढे एकाचे दोन झाले. जागा एकही राखीव नाही. राखीव आहे ती फक्त समोरची खुर्ची, तासाभरासाठी. आपल्या आरक्षणात बिंदुनामावली असते, पद असतं, आणि पद भरलं नाही तर जाब विचारता येतो. इथे मुलाखत घेतली, चौकटीत खूण केली, की नियम पाळला गेला. डेट्रॉइट लायन्सच्या अध्यक्षाला २००३ मध्येच २ लाख डॉलर दंड झाला, कारण त्यांनी एकाही अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत न घेता कोच नेमला. टीमचं म्हणणं होतं, आम्ही बोलावलं होतं, तेच आले नाहीत. का आले नाहीत? नाव आधीच ठरलंय हे सगळ्यांना माहीत होतं. नियम जेमतेम जन्मला होता आणि त्यातली फट तेव्हाच दिसली होती.

ही फट तुला नवी नाही. आपल्याकडे शिक्षणसंस्थेत जागेची जाहिरात निघते, दहा उमेदवार डेमो लेक्चर देतात आणि संस्थेचा माणूस आधीच ठरलेला असतो. तुझ्या आईनं अशा तीन मुलाखती दिल्या आहेत. एकदा तर एसटीनं सांगलीला जाऊन संध्याकाळी परत आली, काही बोलली नाही, थेट पोळ्या लाटायला बसली. मी तेव्हा बारावीत होतो. फ्लोरेसची फिर्याद वाचताना मला ताई आठवली.

विरुद्ध बाजूही ऐक, नाहीतर वादात तू अर्धाच बोलशील. डॉल्फिन्सच्या बाजूनं म्हणता येतं की तीन वर्षांत त्याचे २४ विजय आणि २५ पराभव, आणि प्लेऑफ एकदाही नाही. जायंट्सनं सांगितलं की फ्लोरेस शेवटपर्यंत स्पर्धेत होता. ब्रॉन्कोजनं २०१९ मध्ये फ्लोरेसची मुलाखत घेतली होती; तेव्हा त्यांची माणसं तासभर उशिरा आली, रात्री प्यायल्यासारखी दिसत होती, हा त्याचा आरोप त्यांनी साफ नाकारला. डॉल्फिन्सच्या मालकानं मुद्दाम हरण्यासाठी फ्लोरेसला सामन्यामागे १ लाख डॉलर देऊ केले, या आरोपाची लीगनं चौकशी केली आणि टीम मुद्दाम हरली नाही असा निष्कर्ष काढला. मात्र त्याच चौकशीत दुसऱ्या टीमशी करारबद्ध असलेल्या माणसांशी चोरून बोलणी केल्याचं उघड झालं आणि मालकाला १५ लाख डॉलर दंड झाला. लीगचं म्हणशील तर दाव्यात तथ्य नाही हे तिनं काही तासांत जाहीर केलं आणि चारच दिवसांत तिच्या कमिशनरनं, म्हणजे प्रमुखानं, टीमना पत्र लिहिलं की हेड कोचच्या बाबतीतले निकाल अस्वीकारार्ह आहेत.

मला विचारशील तर फ्लोरेसच्या मुद्द्यापुढे हे आक्षेप फिके पडतात. डेबॉल जास्त लायक असेलही. पण तसं असेल तर फ्लोरेसला कशाला बोलावायचं? खोट्या मुलाखतीत माणसाला नुसती नोकरी नाकारत नाहीत, त्याच्या हजेरीचा पुरावा करून घेतात. पाहा, आम्ही यालाही बोलावलं होतं.

हे मी अनुभवावरून लिहितोय. २०१४ साली माझ्या तेव्हाच्या नोकरीत मॅनेजरची जागा निघाली. मी सहा वर्षं ते काम जवळजवळ करतच होतो. मुलाखत शुक्रवारी. बुधवारी आमच्याच आयटी टीमकडे एक तिकीट, म्हणजे कामाची मागणी, आलं : अमुक व्यक्तीचं खातं मॅनेजरच्या अधिकारांसह सोमवारपासून चालू करा. ते तिकीट योगायोगानं माझ्याच रांगेत पडलं. मी ते खातं तयार केलं आणि शुक्रवारी ब्लेझर घालून मुलाखतीला गेलो. पंचवीस मिनिटं तिघंही छान हसून बोलले. तुझी मामी म्हणाली होती, जाऊ नकोस. मी गेलो, कारण न जाणं म्हणजे मला रस नव्हता अशी नोंद झाली असती. फ्लोरेस का गेला हे म्हणूनच मला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

नेमलेला माणूस गोरा होता, अनुभवानं माझ्यापेक्षा चार वर्षं लहान. पण एवढ्यावरून वंशभेद सिद्ध होतो का? होत नाही. ओळखीचा होता म्हणून घेतला असेल, तर ते अन्यायाचं आहे, पण बहुतेक वेळा बेकायदेशीर नाही. फ्लोरेसनं ज्या कायद्याचा मुख्य आधार घेतला तो १८६६ चा, गुलामी संपल्यानंतरचा. करार करण्याचा हक्क गोऱ्या नागरिकांना जसा आहे तसाच सगळ्यांना, असं तो म्हणतो. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका अरब वंशाच्या प्राध्यापकाच्या प्रकरणात सांगितलं की वांशिक मूळही त्यात येतं, म्हणजे तू आणि मीही येतो. पण २०२० च्या कॉमकास्ट प्रकरणात त्याच कोर्टानं अट कडक केली : वंश हे कारण नसतं तर निर्णय वेगळा झाला असता, हे दावा करणाऱ्यानं दाखवायचं. नुसती शंका किंवा नुसता आकडा पुरत नाही. फ्लोरेसकडे निदान मेसेज होते.

मी तेव्हा गप्प बसलो. एच-१बीवर, म्हणजे कंपनीनं मिळवून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर होतो, ग्रीन कार्डची फाइल त्याच कंपनीच्या हातात, मामी डिपेंडंट व्हिसावर, चिंगी दोन वर्षांची. एच-१बीवर नोकरी गेली की आता ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा; तेव्हा तर तेवढीही मुदत नव्हती. तू विचारलंस ना, माझं काय होणार? तुला अपमान सोसावा लागेलच असं नाही. पण झाला तर बोलायची किंमत तुझ्यासाठी इथल्या नागरिकापेक्षा जास्त असेल, हे आधी माहीत असू दे.

आणि आता जे तुझ्या मित्रांपैकी कुणी बोलणार नाही ते. आपण कायम फ्लोरेसच्या जागी नसतो. माझं ग्रीन कार्ड कसं झालं? कंपनीला सरकारला दाखवावं लागतं की या कामाला लायक अमेरिकन मिळाला नाही. त्यासाठी माझ्याच नोकरीची जाहिरात दोन रविवारी छापील वर्तमानपत्रात आली. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. ती जाहिरात वाचून कुणी घरून उठून अर्ज केला असेल, तर त्याच्यासाठी ती खुर्ची रिकामी होती का? त्या खुर्चीत मी बसलेलो होतो. फेसबुकनं अशा जागांच्या जाहिराती स्वतःच्या वेबसाइटवर टाकल्या नाहीत, अर्ज टपालानं मागवले, म्हणून सरकारनं कारवाई केली आणि २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. अ‍ॅपलची २०२३ मध्ये अशाच कारणासाठी २ कोटी ५० लाखांवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं कॉग्निझंटनं भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांशी हेतुपुरस्सर भेदभाव केला असा निर्णय दिला. आपल्या माणसांची जातही विमानातून इथपर्यंत येते. सिएटल शहरानं २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला, तो उगाच नव्हे.

पुढे दुसऱ्या नोकरीत मी स्वतः निवड समितीवर बसलो. उमेदवार आधीच ठरला होता. आपलाच मुलगा, पुण्याचा, आमच्या संचालकांच्या ओळखीतला, हुशार. नियमाप्रमाणे तिघांना बोलावायचं होतं म्हणून एका कृष्णवर्णीय बाईंना बोलावलं. त्या क्लीव्हलँडहून दोन-अडीच तास गाडी चालवत आल्या, तयारी उत्तम होती, वहीत आमच्या सिस्टिमबद्दलचे प्रश्न लिहून आणले होते. मी त्यांना हसून पाणी दिलं. मला त्या मुलाखतीचा अर्थ माहीत होता, २०१४ चा शुक्रवार विसरलो नव्हतो, तरी मी तोंड उघडलं नाही. त्याची मला लाज वाटते. त्यानंतर समितीवर बसायला सांगितलं की मी पहिल्या बैठकीतच विचारतो, कुणी ठरलंय का? ठरलं असेल तर मी बसत नाही. दोनदा उठून आलो आहे.

तुझ्या कामाच्या गोष्टी आता भराभर सांगतो. अर्जात विचारतील, पुढे व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का? खरं उत्तर दे. त्यावरून नाकारलं तर तो सहसा वंशभेद धरला जात नाही आणि तुला येणारे बहुतेक नकार त्याच कारणाचे असतील. प्रत्येक नकार रंगाच्या खात्यावर मांडू नकोस, आतून पोखरून निघशील. पण काही खटकलं तर त्याच रात्री तारीख, वेळ, कोण काय बोललं ते स्वतःच्या वहीत लिही, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार फेडरल आयोगाकडे (ईईओसी) नोंदवायला १८० दिवस असतात, बऱ्याच राज्यांत ३००. रागात आणि दुःखात ते कसे निघून जातात कळत नाही.

ऑफर लेटरमध्ये लवादाचं, म्हणजे भांडण कोर्टाबाहेर सोडवायचं, कलम शोध. फ्लोरेसच्या खटल्यातला सगळ्यांत मोठा धडा तिथे आहे. २०२३ मध्ये कोर्टानं जायंट्स, ब्रॉन्कोज, पुढे दाव्यात आलेले ह्यूस्टन टेक्सन्स आणि लीग यांच्यावरचे दावे कोर्टात चालतील असं सांगितलं, पण डॉल्फिन्सवरचा दावा लवादाकडे पाठवला, कारण त्यांच्याशी त्यानं सही केलेला करार होता. आणि लवाद कोण? ज्या लीगवर आरोप, तिचाच कमिशनर. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील कोर्टानंही जायंट्सचे वगैरे दावे कोर्टातच राहतील असं सांगताना या व्यवस्थेला नावापुरता लवाद म्हटलं. खटला कुठे चालवायचा एवढ्यावरच साडेतीन वर्षं गेली.

मधल्या काळात तो बसून राहिला नाही. दावा ठोकल्यावर तीन आठवड्यांच्या आत स्टीलर्सनं त्याला सहायक म्हणून घेतलं. त्या आठवड्यात इथल्या बसमध्ये, किराणा दुकानात, सगळीकडे तोच विषय होता. मी ज्याच्याकडे केस कापतो तो म्हातारा कृष्णवर्णीय गृहस्थ, खांद्यावर स्टीलर्सच्या चाहत्यांचा पिवळा टेरिबल टॉवेल टाकून म्हणाला, आपल्या मालकांनी दार उघडलं खरं, पण हेड कोचचं नव्हे. पुढच्या वर्षी फ्लोरेस मिनेसोटा व्हायकिंग्जमध्ये डिफेन्सचा प्रमुख झाला.

तू ये. घाबरून बेत रद्द करू नकोस. पहिली ऑफर आली की सही करायच्या आधी सगळी पानं मला पाठव, फक्त पगाराचं पान नको. आणि या रविवारी सकाळी आठला फोन कर, आमची शनिवारची रात्र असते, मी जागा असतो. ताई जवळ असेल तर तिलाही बसव. त्या सांगलीच्या मुलाखतीबद्दल मी तिला कधी विचारलंच नाही.