हरवलेल्या फोटॉनचा हिशेब

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘जिउझांग’ या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणांवर, चालणाऱ्या क्वांटम यंत्राबद्दल वाचून रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिलंस. फार बरं वाटलं. २०२० साली चीनमधल्या हफे इथे त्या यंत्राने एका वेळी ७६ पर्यंत फोटॉन टिपले. जे २०० सेकंदांत झालं त्याला महासंगणकाला अब्जावधी वर्षं लागतील, असा दावा होता. पण पुढचंही वाच. २०२४ मध्ये अशा प्रयोगांची नक्कल नेहमीच्या, अर्थात ताकदवान, संगणकांवर करण्याची रीत प्रसिद्ध झाली. तिला वाव मिळाला, कारण प्रयोगांत पुष्कळ फोटॉन वाटेतच हरवत होते.

म्हणून सांगतो, आधी गळती शीक. फोटॉनच्या वाटेत शंभर सांधे, वळणं, स्विच आहेत आणि दर ठिकाणी फक्त १ टक्का प्रकाश वाया जातो असं धर. एक फोटॉन शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता उरते ३७ टक्के. दहाच्या दहा पोचायला हवेत? मग सुमारे २३ हजार प्रयत्नांत एकदा! कागद घेऊन हे स्वतः कर. मधे प्रकाश वाढवणारा ॲम्प्लिफायर बसवून भागत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही.

शिवाय फोटॉन एकमेकांची दखल घेत नाहीत, आणि गणितासाठी तर एकाचा दुसऱ्यावर परिणाम व्हावा लागतो. तरीही केवळ आरसे, एकेकटे फोटॉन आणि मोजणी यांवर संगणक उभा राहू शकतो, हे निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये दाखवलं. तो शोधनिबंध अवघड आहे. त्याआधी १९८७ चा हाँग-ऊ-मँडेल प्रयोग पक्का कर: अगदी सारखे दोन फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच वेळी आले, की दोघंही एकाच दाराने बाहेर पडतात. मला तो आजही सुंदर वाटतो.

२०२५ मध्ये झानाडू या कंपनीने प्रकाशावर चालणारं ‘ऑरोरा’ हे क्वांटम यंत्र मांडलं: ३५ चिप, १३ किलोमीटर फायबर आणि क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीचे एकक, अवघे १२. आकडा लहान म्हणून नाक मुरडू नकोस. यंत्राची कपाटं फायबरने एकमेकांना जोडून ते वाढवता येतं, हे त्यात दिसलं, आणि माझी आशा तिथेच आहे. अडसर मात्र तोच, गळतीचा.

सुट्टीत एक काम कर. ब्रॉडबँडची फायबर जोडणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञाजवळ दिवसभर बस. त्याचं स्प्लायसिंग मशीन दर सांध्याला अंदाजे किती प्रकाश वाया गेला ते डेसिबलमध्ये दाखवतं. ते आकडे वहीत उतरव आणि मला पाठव.

तुझा,
सर