गीझर टाकायच्या आधी एकदा उघडून त्यातला टाकी वाचवणारा रॉड बघा

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. वाघोलीत सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी, १५ लिटरचा गीझर, चौथं वर्ष चालू, दिवा सात-आठ मिनिटांत विझतो पण पाणी कोमटच, आतून कडकड आवाज, खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब, आणि रविवारी सासूबाईंना नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. मेकॅनिक न उघडताच म्हणाला टाकी गेलीय, नवीन घ्या. मला नाही वाटत नवीन लागेल. पण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, झिणझिण्यांचं थांबवू नका.

आत्ता उठून गीझरचा एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटसुलट केलेलं असेल तर बटण बंद असतानाही फेज आत असतो. दोन-चार दिवस आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. आणि हे लक्षात घ्या की नळाला करंट येतो तेव्हा बहुतेक वेळा एक नाही, दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. एलिमेंटचं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलचं, वरचं आवरण तडकलं की करंट पाण्यात उतरतो ही पहिली, पण अर्थिंग धड असेल तर तो करंट तिकडून निघून जायला पाहिजे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट पाडणारा स्विच) बसवलेला असेल तर त्याने क्षणात लाईट पाडायला पाहिजे. तुमच्याकडे दोन्ही झालं नाही, म्हणजे एलिमेंट बदलून काम संपत नाही. इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन यायला सांगा, गीझरच्या सॉकेटवर फेज आणि अर्थिंगच्या मध्ये २३० च्या आसपास व्होल्टेज दिसायला हवं आणि न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये जवळपास काहीच नको. नुसता टेस्टर लावून "आहे हो अर्थिंग" म्हणाला तर ऐकू नका. आरसीसीबी नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या, खर्च होईल पण घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत.

आता कोमट पाण्याचं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीपर्यंत न्यायला ०.६ युनिटच्या आसपास वीज लागते, २ किलोवॅटच्या एलिमेंटला त्याला साधारण १८ मिनिटं लागतात. तुमचा दिवा सात-आठ मिनिटांत जातोय म्हणजे थर्मोस्टॅटला, पाणी तापलं की एलिमेंट बंद करणाऱ्या भागाला, वाटतंय पाणी तापलं. असं का होतं तर थर्मोस्टॅटची नळी एलिमेंटच्या अगदी शेजारी असते, क्षाराच्या पाण्यात दोघांवर पांढरा थर चढत चढत मधली फटच भरून जाते, मग एलिमेंटची आच थेट त्या नळीला लागते आणि पाणी तापायच्या आधीच थर्मोस्टॅट एलिमेंट बंद करून टाकतो. कडकड आवाजही त्याच थराखाली अडकलेलं पाणी उकळल्याचा. टाकी फुटल्याची ही लक्षणं नव्हेत. टाकी गेली की गीझरच्या अंगाखालून तांबूस पाणी गळतं, ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाहीये.

व्हॉल्व्हच्या थेंबांना घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरमागे पावशेरभर तरी जास्त होतं, ते जायला वाट पाहिजे म्हणून तो व्हॉल्व्ह असतो. तापताना थेंब पडणं बरोबरच आहे. गीझर बंद असताना पण रात्रंदिवस गळत असेल तर मात्र व्हॉल्व्हच्या आत झाकण बसतं तिथे क्षाराचा खडा अडकलाय किंवा सोसायटीच्या प्रेशर पंपाचं प्रेशर जास्त आहे. काही प्लंबर लोक गळतंय म्हणून तिथे सरळ प्लग ठोकून जातात. असं अजिबात करू देऊ नका, थर्मोस्टॅट अडकला तर वाफेला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि टाकी स्फोटासारखी फुटते.

आता रॉड, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. टाकीच्या आत एलिमेंटच्याच प्लेटवर मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अ‍ॅनोड रॉड म्हणतात. पाणी लोखंडाला खायच्या आधी त्याला खातं, एवढंच त्याचं काम. तो संपला की टाकीची पाळी येते. जड पाण्यात तो लवकर संपतो, आणि विकताना हे कोणी सांगत नाही. माझा पहिला गीझर चार वर्षांत गळायला लागला, उघडला तर रॉडच्या जागी नुसती काळी तार लोंबत होती आणि टाकीच्या तळाला ओंजळ ओंजळ खडूसारखे तुकडे. सर्व्हिसवाला दोनदा येऊन वरवर पुसून गेला होता, त्याने एकदाही प्लेट उघडली नव्हती, मला अजून त्याचा राग येतो. दुसरा गीझर मी दरवर्षी दिवाळीच्या आधी उघडून घेतो. नवा रॉड बोटाएवढा जाड, गुळगुळीत राखाडी असतो, वर्षाने बाहेर काढला की दाणे खाल्लेल्या मक्याच्या कणसासारखा दिसतो, आणि आतली तार दिसायला लागली की थांबायचं नाही, बदलायचा. काही शे रुपयांची वस्तू आहे. गीझरला नववं वर्ष चालू आहे, टाकी तीच.

तुमचा उघडताना समोर उभ्या राहा. एमसीबी बंद, वरचा कॉक बंद, गरम नळ उघडून प्रेशर सोडायचं, पाणी थंड झालंय ना बघायचं, मग टाकी रिकामी करून प्लेटचे नट काढायचे, खाली बादली ठेवा कारण तरीही पाणी येतंच. एलिमेंट तडकलेलं असणार, ते नवीनच टाका. पण थर्मोस्टॅटच्या नळीवरचा थर हातोडीने ठोकून काढू देऊ नका, तिलाही तडा जाईल, लिटरभर कोमट पाण्यात चार-पाच चमचे लिंबूसत्व घालून त्यात बुडवून ठेवा, फसफसून सुटतो. संडासचं अ‍ॅसिड नको, ते धातूलाच खातं. रॉड आणि गॅस्केट (प्लेटखालची रबरी रिंग) दोन्ही नवीन घाला, जुनी गॅस्केट परत लावली की आठवड्यात गळते. सगळं बसल्यावर आधी नळातून पाण्याची सलग धार येऊ द्या, मगच लाईट चालू, रिकाम्या टाकीत एलिमेंट मिनिटांत जळतं. आणि थर्मोस्टॅट ७५ ला असेल तर ५५-६० वर आणा, जास्त तापलं की क्षार जास्त बसतो. ६० डिग्रीचं १५ लिटर पाणी गार पाण्यात मिसळून ३५ लिटरच्या आसपास होतं, दोन आंघोळींना पुरे.

उघडल्यावर टाकीला खरंच भोक निघालं तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका. पण आधी वॉरंटी कार्ड काढा, त्यावर टाकीची वॉरंटी एलिमेंटपेक्षा वेगळी आणि बहुतेक वेळा जास्त वर्षांची असते, चार वर्षांत टाकी गेली असेल तर ती मागा, बिलाचा फोटो जोडून लेखी मागा. टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा. नवीन घ्यायचाच झाला तर स्टारच्या मागे फार लागू नका, ते स्टार गीझर नुसता चालू ठेवला तर किती उष्णता वाया जाते त्याचे आहेत, तुम्ही आंघोळीपुरता वीस मिनिटं लावणार असाल तर बिलात फारसा फरक पडत नाही. तुमच्याकडे प्रेशर पंप आहे म्हणून ८ बार प्रेशर सोसणारा घ्या, काचेचं कोटिंग असलेलं एलिमेंट मिळालं तर उत्तम, आणि दुकानदाराला आधी विचारा की याचा रॉड सुटा मिळतो का, नाही म्हणाला तर तो मॉडेल सोडून द्या.

इलेक्ट्रिशियन कधी येतोय तेवढं कळवा, आणि प्लेट बाहेर काढली की पुसायच्या आधी रॉडचा आणि एलिमेंटचा जवळून फोटो टाका, बघून सांगतो.