सूत्रं तोंडपाठ, तरी त्रिकोणमिती चुकते

दहावीतली मुलगी आईबरोबर आली होती. आई म्हणाली, "झोपेतून उठवून विचारा, सूत्रं घडाघडा म्हणेल. पेपरात मात्र चुकतंच. हिला गणित जमायचंच नाही का?" मुलगी मान खाली घालून बसलेली. ही काळजी घेऊन खूप पालक येतात. अशा वेळी गुणपत्रिकेपेक्षा वही जास्त बोलते, म्हणून वही मागितली.

एका पानावर काटकोन त्रिकोण होता. अ वर, ब त्याच्या बरोबर खाली, क उजवीकडे. काटकोन ब पाशी. अब ८, बक १५, अक १७. साइन अ (कोनासमोरची म्हणजे संमुख बाजू भागिले काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण) काढायचा होता आणि उत्तर लिहिलं होतं ८/१७.

"संमुख बाजू ८ कशी ठरवलीस?"

"उभी आहे ना ती!"

घोळ या 'उभी'तच होता. शिकवताना बहुतेक आकृत्यांत कोन खालच्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे संमुख बाजू उभी दिसते. मूल बाजूचं कोनाशी असलेलं नातं सोडून तिची दिशा लक्षात ठेवतं. मग कोन वर गेला की उत्तर फिरतं. इथे अ ची संमुख बाजू बक, म्हणजे साइन अ १५/१७. ८/१७ हा कोसाइन अ (कोनाला लागून असलेली बाजू भागिले कर्ण) झाला, आणि साइन क सुद्धा.

तिला पहिले दोन दिवस एकही आकडा न मांडता फक्त नावं द्यायला सांगितली. आधी काटकोनाची खूण शोधायची. तिच्या समोरची बाजू कर्ण. मग दिलेल्या कोनावर बोट ठेवायचं. बोटाला न टेकणारी बाजू संमुख, उरलेली लगतची. कागद फिरवायचा, पुन्हा नावं द्यायची. कर्ण आधी ठरवायचा, कारण तोही कोनाला टेकलेलाच असतो आणि लगतची बाजू म्हणून चुकून तोच घेतला जातो.

पण नावं आली तरी 'गुणोत्तर कशासाठी' हा प्रश्न उरतोच, आणि तो कळल्याशिवाय पाठांतर टिकत नाही. कोनमापकाने ३५ अंशांचा कोन काढायला लावला. खालच्या किरणावर शिरोबिंदूपासून ५ आणि १० सेंमी अंतरावर लंब उभे केले. उंची मोजली: ३.५ आणि ७.१. भागाकार ०.७० आणि ०.७१. (कोष्टकात ०.७००२, फरक पेन्सिलीच्या टोकाचा.) त्रिकोण दुप्पट झाला, भागाकार हलला नाही, कारण दोन्ही त्रिकोण समरूप आहेत. टॅन ३५ म्हणजे हाच भागाकार, संमुख बाजू भागिले लगतची. सेंमीला सेंमीने भागल्यावर एकक उरत नाही, हेही तिथेच कळलं.

तिची दुसरी समजूत अशी, की साइन ३० अर्धा, तर साइन ६० त्याच्या दुप्पट. दुप्पट म्हणजे १, म्हणजे संमुख बाजू कर्णाएवढी! काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत मोठा, तेव्हा हे शक्यच नाही. साइन ६० साधारण ०.८६६ असतो. 'साइन' ही कोनाला गुणायची संख्या नाही, हे इथे स्पष्ट सांगावं लागतं.

खरी गाडी अडते ती अज्ञात बाजू छेदात आली की. कोन ४०, संमुख बाजू ६, कर्ण काढा. तिने ६ ला साइन ४० ने, म्हणजे ०.६४२८ ने गुणून ३.८६ लिहिलं होतं. मांडणी अशी हवी: ०.६४२८ = ६/क्ष, म्हणून क्ष = ६/०.६४२८, म्हणजे सुमारे ९.३३. पायरी गाळली की हात सवयीने गुणाकार करतो. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांनी आधी साइन ३० काढून पाहावा. ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर यंत्र अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे.

आईला एवढंच सांगितलं: रोज पंधरा मिनिटं, तीनच आकृत्या, आणि सूत्रं म्हणून घेणं काही दिवस बंद. "मग पाठ कसं राहील?" हा तिचा प्रश्न रास्त होता. बाजू ओळखता आल्या की कोणत्या भागाकाराला साइन, कोणत्याला कोसाइन आणि कोणत्याला टॅन म्हणायचं, एवढंच पाठ करायचं उरतं.

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली. वहीत अजून एका ठिकाणी ६ च्या बाजूसमोर कर्ण ३.८६ होता, पण तो तिने स्वतःच खोडला होता. शेजारी लिहिलं होतं: कर्ण लहान कसा?