टोरांटोत घर घेण्याआधी बडोद्याचा दस्तावेज कपाटातून काढा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हातात आलं आहे, तुम्ही, वहिनी आणि दोन मुलं टोरांटोला येणार, ऑफिस डाउनटाउनला युनियन स्टेशनजवळ. बडोद्यातला मांजलपूरचा फ्लॅट विकला तर ८५ लाखांच्या आसपास येतील. दांडिया बाजारातल्या आजोबांच्या वाड्यातही तुमचा हिस्सा आहे. मग भाड्यात पैसे न घालवता आल्या आल्या घर घ्यावं का, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला की मिसिसॉगाला, कॉन्डो (इमारतीतला फ्लॅट) की टाउनहाउस (ओळीतलं घर).

मी कारेलीबागेतली. इथे आम्ही आधी मिसिसॉगाला भाड्याने राहिलो, आता व्हिटबीला स्वतःच्या घरात आहोत. सविस्तर लिहिते, कारण बडोद्याची बाजू तिथले सीए सांगतात, इथली बाजू इथला एजंट सांगतो, आणि दोन्हींच्या मधलं कुणीच सांगत नाही. नुकसान होतं ते त्या मधल्या जागेत.

म्हणून पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारते: मांजलपूरच्या फ्लॅटच्या दस्तावेजावर नाव कोणाचं आहे? गुजरातमध्ये घर बाईच्या नावावर घेतलं की १ टक्का रजिस्ट्रेशन फी माफ होते, त्यामुळे आपल्याकडे बरेच फ्लॅट बायकोच्या नावावर असतात. बडोद्यात ते शहाणपणाचंच होतं. पण ओंटारियोत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, जमीन-हस्तांतरणाचा कर भरावा लागतो, आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्याला त्यात ४,००० डॉलरपर्यंत सूट मिळते. अट अशी की जगात कुठेही, कधीही तुमच्या मालकीचं घर नसावं. मांजलपूरही त्यात आलं. लग्नानंतर जोडीदाराच्या नावावर घर असेल तरी दोघांचीही सूट जाते. वाड्यातला वारशाने आलेला हिस्साही मालकीच धरतात. निघण्याआधी फ्लॅट विकला म्हणून सूट परत मिळत नाही, कारण ‘कधीही’ म्हणजे कधीही. टोरांटो शहराच्या हद्दीत शहराचा वेगळा कर आहे. त्यातली ४,४७५ डॉलरची सूटही याच अटीवर मिळते. एजंट हिशेब करून देताना ही सूट सरसकट धरतो. त्याला तुमच्या दस्तावेजाची कल्पना नसते, तुम्हीच सांगायला हवं.

दुसरी गोष्ट एफएचएसए खात्याची. घरासाठी पैसे साठवायचं हे खातं २०२३ मध्ये सुरू झालं. वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलरपर्यंत टाकता येतात, करात वजावट मिळते, आणि घरासाठी काढले तर कर लागत नाही. नवरा-बायको दोघांची मिळून ८०,००० ची सोय. पण ज्या वर्षी खातं उघडाल त्या वर्षी आणि त्याआधीच्या चार कॅलेंडर वर्षांत तुम्ही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहत असाल, तर उघडता येत नाही, आणि इथेही भारतातलं घर मोजलं जातं. समजा तुम्ही २०२६ मध्ये निघालात आणि तोपर्यंत मांजलपूरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होतात, तर २०३१ च्या जानेवारीआधी हे खातं तुमच्यासाठी नाही. फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल तर मात्र आल्यावर लगेच उघडा, दोघांचंही. म्हणून म्हणते, आधी दस्तावेज पाहा.

आता विकायचं कधी. तुम्ही भारतात रहिवासी असताना विकलंत तर घेणारा ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस कापतो. इथे आल्यावर, एनआरआय म्हणून विकलंत तर कापली जाणारी रक्कम कितीतरी मोठी असते. ती कमी करायची तर आयकर खात्याकडून आधी दाखला काढावा लागतो, आणि घेणारा या भानगडीत पडायला तयार होत नाही. म्हणजे विकायचंच असेल तर निघण्याआधी विकलेलं सोपं.

पण पैसे आणायची घाई करू नका. रहिवासी म्हणून माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मात्र १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर) लागतो. एकट्याच्या नावाने ८५ लाख पाठवलेत तर १५ लाख रुपये सरकारकडे अडकतील. ते रिटर्न भरल्यावर मिळतात, पण तोपर्यंत ते ना इथे ना तिथे. त्याऐवजी विक्रीचे पैसे बँकेत ठेवा, निघाल्यावर ते खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातलं खातं) करून घ्या, आणि तिथून सीएच्या प्रमाणपत्रासह पाठवा. त्या वाटेने वर्षाला १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात आणि टीसीएस नसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बडोद्यातले व्यवहार मला माहीत आहेत. पूर्ण रक्कम चेकनेच घ्या आणि दस्तावेजात तीच लिहून घ्या. इथली बँक डाउन पेमेंटचा पैसा कुठून आला हे विचारते आणि ९० दिवसांचं खातं पाहते. जंत्रीच्या (सरकारी दराच्या) भावाने दस्तावेज आणि वरचे रोख, असं केलंत तर ते वरचे इथल्या घराच्या कामाला येत नाहीत.

फ्लॅट ठेवायचा ठरवलात, भाड्याने दिलात, तर निघण्याच्या सुमारास मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत लिहून घ्या. कॅनडा तुम्ही रहिवासी झालात त्या दिवसाचा बाजारभाव मूळ किंमत धरतो आणि पुढच्या वाढीवरच कर मागतो. तो कागद नसेल तर दहा वर्षांनी त्या दिवसाचा भाव सिद्ध करणं अवघड. भाड्याचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, आणि १,००,००० कॅनडियन डॉलरच्या वरच्या परदेशी मालमत्तेचा वेगळा फॉर्मही भरावा लागतो, पहिल्या वर्षी मात्र तो भरायचा नसतो.

वाड्याचं मनातून बाजूला ठेवा. जुन्या शहराच्या बऱ्याच भागाला अशांत धारा हा गुजरातचा कायदा लागू आहे, त्यामुळे विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते, शिवाय काका-आत्यांच्या सह्या. तो पैसा तुमच्या टोरांटोच्या हिशेबात धरू नका. निघण्याआधी प्रॉपर्टी कार्डावर नावं नीट चढली आहेत एवढं मात्र पाहून या आणि भरवशाच्या माणसाला मुखत्यारपत्र देऊन ठेवा. इथून तेच काम वकिलातीच्या फेऱ्या घालून करावं लागतं.

आता इथला हिशेब. ८५ लाख म्हणजे सव्वा लाख डॉलरच्या आसपास. टोरांटो आणि भोवतालच्या पट्ट्यात सरासरी भाव २०२२ च्या फेब्रुवारीत १३ लाख डॉलरच्या वर गेला होता, २०२४ मध्ये ११ लाखांच्या जवळ आला. सरासरीपेक्षा बरंच खाली, ८ लाखांचं टाउनहाउस धरू. किमान डाउन पेमेंट पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि वरच्या ३ लाखांवर १० टक्के, म्हणजे ५५,०००. तुम्ही १० टक्के, ८०,००० भरलेत असं धरा. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं की कर्जाचा विमा सक्तीचा. तो इथे ३.१ टक्के, म्हणजे २२,३२० डॉलर कर्जात मिळवले जातात, आणि त्यावरचा ८ टक्के प्रांतीय कर, १,७८६ डॉलर, रोख. जमीन-हस्तांतरण कर १२,४७५, सूट नाही असं धरून. घर टोरांटो शहराच्या हद्दीत असेल तर आणखी १२,४७५. वकील, टायटल इन्शुरन्स, तपासणी वेगळी. म्हणजे किल्ली हातात येईतो लाखाच्या घरात डॉलर गेले, आणि गाडी, फर्निचर, थंडीचे कपडे बाकीच आहेत.

हप्त्याचं आणखी पुढे आहे. बँकेचा दर ४.५ टक्के असेल आणि मुदत २५ वर्षांची, तर या कर्जाचा हप्ता महिन्याला ४,१०० च्या आसपास बसतो. पण बँक तुमची ऐपत २ टक्के जास्त दराने तपासते, म्हणजे ६.५ ने, आणि तो हप्ता ४,९७० होतो. हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि हीटिंग मिळून ढोबळ उत्पन्नाच्या ३९ टक्क्यांत बसायला हवं. हे गणित सुटायला दोघांचं मिळून वर्षाला १,७०,००० डॉलरच्या जवळ उत्पन्न लागतं. वहिनींना त्यांच्या क्षेत्रात काम मिळायला वेळ लागेल. पहिलं वर्ष एका पगारावर जाईल असंच धरून चाला. एका पगाराच्या जोरावर ‘बेसमेंट भाड्याने देऊन भागेल’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. बेसमेंट शहराच्या नोंदणीत कायदेशीर दुसरं घर म्हणून आहे का, हे कागदावर दाखवलं तरच ऐका. नसेल तर बँक ते भाडं मोजत नाही, आणि आग लागली तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करा. त्यात राहणारी माणसंही आपल्यासारखीच नवी आलेली असतात.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे: पहिलं वर्षभर तरी भाड्याने राहा. त्या काळात तुमचा क्रेडिट स्कोअर बनेल, पगाराच्या पावत्या जमतील, मुलांची शाळा कळेल, आणि एक अख्खा फेब्रुवारी तुम्ही स्टेशनवर उभे राहून पाहाल. भाडं वाया जातं असं बडोद्याहून वाटतं. इथे घर घेऊन वर्षा-दोन वर्षांत विकावं लागलं तर एजंटचं कमिशन आणि कर मिळून जे जातं ते वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त असतं.

गाव निवडताना ट्रेन आधी पाहा, घर नंतर. मिसिसॉगातून जाणाऱ्या मिल्टन लाइनवर गो ट्रेन (उपनगरांतली लोकल) सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी परत, तीही सोमवार ते शुक्रवारच, एरवी बस. दुपारी मुलाला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला तर ट्रेन नाही. ब्रॅम्प्टन किचनर लाइनवर आहे, तिथे दिवसभरही गाड्या मिळतात, आणि गुजराती-पंजाबी वस्तीमुळे किराण्याची, देवळाची सोय उत्तम. पण ओंटारियोत गाडीचा विमा पत्त्यावर ठरतो आणि ब्रॅम्प्टनचा सर्वांत महागांपैकी आहे. दोन गाड्या असतील तर घर स्वस्त पडल्याचा फायदा तिथेच जिरतो. लेकशोर लाइनवर दोन्ही दिशांना दिवसभर, शनिवार-रविवारीही गाड्या असतात. म्हणून आम्ही पूर्वेकडे वळलो. एजॅक्स, व्हिटबी, ऑशावा बघा. पश्चिमेच्या मानाने भाव खाली आहेत, आणि ऑफिस युनियनला असेल तर रोजचं जगणं निभतं. मराठी मंडळींचे कार्यक्रम लांब पडतात, एवढी खंत आहे.

कॉन्डो की टाउनहाउस, तर चौघांच्या कुटुंबाला फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) टाउनहाउस, दहा-पंधरा वर्षांचं जुनं. कॉन्डोत दर महिन्याची मेंटेनन्स फी आयुष्यभर असते आणि वाढत जाते. घ्यायचाच तर स्टेटस सर्टिफिकेट वकिलाकडून वाचून घ्या, इमारतीच्या राखीव निधीत काय आहे ते त्यात कळतं. बांधून व्हायच्या घरात पैसे गुंतवू नका. ताबा लांबतो, आणि ताब्याच्या वेळी बँकेने कमी किंमत धरली तर फरक तुमच्या खिशातून.

तपासणी टाळू नका, विकणारा कितीही घाई करो. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) किती जुनी, छपराचे शिंगल्स कधी बदलले, गरम पाण्याची टाकी मालकीची की भाड्याची (भाड्याची असेल तर करार तुमच्या गळ्यात येतो), १९६५ ते १९७६ च्या दरम्यानचं घर असेल तर अ‍ॅल्युमिनियम वायरिंग आहे का, १९९५ ते २००७ मधलं असेल तर किटेकचे पाइप आहेत का. या शेवटच्या दोन गोष्टींवर विमा अडतो. नव्या वसाहतीत घर बघत असाल तर स्कूल बोर्डाला पत्ता देऊन विचारा. समोर शाळा असूनही मुलांना बसने लांबच्या शाळेत पाठवतात असं होतं.

तुम्ही पीआर आहात, त्यामुळे परदेशी खरेदीदारांवरची बंदी आणि २५ टक्क्यांचा कर दोन्ही तुम्हाला लागू नाहीत. फक्त करार लँडिंग (पीआर म्हणून कॅनडात दाखल होणं) झाल्यावरच करा.

आज-उद्या दस्तावेज काढा आणि मला तीन गोष्टी कळवा: फ्लॅटवर कोणाकोणाची नावं आहेत, वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव चढलं आहे का, आणि ऑफिसला आठवड्यातून किती दिवस जावं लागणार. त्यावरून भाड्याचं पहिलं घर कुठल्या स्टेशनजवळ बघायचं ते सांगते.