मैत्रिणीला वडापमध्ये ‘मोमो’ म्हणतात, मी काय करू?

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, सांगलीत शिकते. होस्टेलला माझी रूममेट मणिपूरची आहे. मिरजेला जाताना वडापमध्ये (शेअर गाडीत) आमच्याच कॉलेजची पोरं तिला मोमो, चिनी असलं काहीही म्हणतात, परवा तर एकानं तिच्या तोंडासमोर मोबाईल धरून ‘रेट काय’ विचारलं. मी भांडले, तर नंतर तीच माझ्यावर चिडली, म्हणाली तुला नाही कळणार. ग्रुपमधल्या मुली म्हणतात मस्करी असते गं, आणि आई म्हणते तिच्यापासून लांबच राहा. काय करू?

उत्तर : अगं, तू भांडलीस ते चांगलंच केलंस. पण तिचं चिडणंही समजून घे, उद्या परत त्याच रस्त्यानं तिला जायचंय आणि गर्दीत तिचा चेहरा लगेच ओळखू येतो, तुझा नाही. आपल्याला पोरं छेडतात ती बाई म्हणून, तिला बाई म्हणून पण आणि चेहऱ्यावरून पण, वर ‘ही बाहेरची, हिच्यामागं कोण उभं राहणार’ हा हिशोब असतोच, म्हणून तर रेट विचारायची हिंमत होते. त्यामुळं तिलाच विचार, असं झालं की मी काय करू, बोलू, की दोघी उतरूया, की गाडीचा नंबर टिपून घेऊ? तिनं तुझा हात दाबला की तू तोंड उघडायचं, असं काहीतरी आधीच ठरवून ठेवा.

मस्करी म्हणणाऱ्या मुलींना नीडो तानियाचं सांग. अरुणाचलचा पोरगा, 2014 साली दिल्लीत दुकानात त्याच्या केसांवरून चिडवलं, त्यातून मारहाण झाली आणि पोरगा जिवानिशी गेला. त्यानंतर केंद्रानं देशात इतरत्र राहणाऱ्या ईशान्येकडच्या लोकांचे प्रश्न बघायला बेझबरुआ समिती नेमली. मस्करी तिथपर्यंत जाते गं.

आता तक्रारीचं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2016 मध्ये रॅगिंगच्या नियमात वंश, रंग, दिसणं, प्रांत यावरून केलेला छळही घातलाय, हेल्पलाईन 1800-180-5522. रेट विचारणं हा सरळ लैंगिक छळ आहे, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडं तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 79 आहे, बाईचा अपमान करणारे शब्द नि हावभाव यासाठीचं, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि त्याच वेळी मदत लागली तर 112. तारीख, वेळ, गाडी नंबर, काय बोलले ते शब्द, सगळं त्याच रात्री लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. पण तक्रार करायची का नाही हे ती ठरवेल, तू साक्षीदार म्हणून नाव दे. घाई करू नकोस आणि ती नको म्हणाली तर रुसू पण नकोस.

आईचं म्हणशील तर त्यांना तुझी काळजी आहे, ते खोटं नाही. त्यांना एवढंच सांग की आई, मी लांब राहिले तर पोरं तीच असणार आहेत, फक्त वडापमध्ये ती एकटी बसलेली असेल.